क्लचला प्ले किती ठेवायचा? माझा अनुभव

मोटरसायकलवरून पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. मागे धाकटा भाऊ. खंबाटकीचा चढ सुरू झाला, अॅक्सिलरेटर पिळला आणि इंजिनाचा आवाज चढत गेला, गाडी मात्र आहे तिथेच. आरपीएमचा काटा वर, स्पीडचा काटा जागेवर. एक गिअर खाली टाकला तरी तेच.

"दादा, पेट्रोलमध्ये भेसळ असेल का रे?" भावाने मागून विचारलं.

पेट्रोलची भानगड असती तर इंजिन गुदमरलं असतं. हे तर मोकाट सुटलं होतं, फक्त ताकद चाकापर्यंत पोचत नव्हती. क्लच स्लिप होत होता. जरा रुंद जागा बघून कडेला घेतली आणि डाव्या हाताचा लीव्हर बोटाने हलवून बघितला. अजिबात प्ले नाही, म्हणजे तार ताणली जाण्याआधी लीव्हर जो थोडा मोकळा हलायला हवा, तो हलतच नव्हता. हात लावला की लगेच तार ताणलेली.

याचं मूळ आठवड्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं. मी तक्रार सांगितली होती की सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकताना 'खटॅक' वाजतं आणि क्लच दाबून धरला तरी गाडी पुढे सरकू बघते. तिथल्या पोराने केबल पार खेचून दिली. न्यूट्रल झकास पडायला लागला, मीही खूश. एका टोकाचा आजार जाऊन दुसऱ्या टोकाचा आला होता, तो सपाट रस्त्यावर कळला नाही इतकंच.

घाटात काम अर्ध्या मिनिटाचं होतं. लीव्हरजवळचं रबर मागे सारलं, चेकनटची, म्हणजे अॅडजस्टर जागेवर धरून ठेवणारी, गोल रिंग हाताने सैल केली आणि अॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू, आत फिरवत नेला. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. स्क्रू आत चालला म्हणजे काहीतरी आवळलं जातंय असं वाटतं, पण होतं उलट. अॅडजस्टर बाहेर काढला की केबलचं वरचं कव्हर तेवढं लांब पडतं, आतली तार ताणली जाते आणि प्ले कमी होतो. आत घातला की प्ले वाढतो. लीव्हर थोडा लुळा पडेपर्यंत आत घातला, रिंग आवळली. पुढचा घाट गाडी मुकाट चढली.

साताऱ्यात ज्याला त्याला सांगितलं, त्या प्रत्येकाचा एकच निकाल: क्लच प्लेटा गेल्या, टाकून घे. प्लेटा टाकणं म्हणजे उजवं कव्हर उघडणं, ऑइल काढणं, नवं पॅकिंग, हजारांतला खर्च. आधी फुकटातल्या गोष्टी तपासायच्या असं ठरवलं. पहिला प्ले, मग ऑइल, मग प्लेटा.

ऑइलचं लवकर उरकलं. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए 2 लिहिलेलं असावं लागतं. एमबी लिहिलेलं ऑइल गिअरलेस स्कूटरसाठी असतं, त्यात घर्षण मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. ते इथे ओतलं की चांगल्या प्लेटाही घसरू शकतात. कारचं ऑइल टाकणाऱ्यांचंही हेच होऊ शकतं. माझ्या बिलावर ऑइलचं नाव होतं, ते एमए 2 निघालं.

घरी परतल्यावर सकाळी, इंजिन थंड असताना, शाळेची स्टीलची पट्टी घेऊन बसलो. मापाबद्दल दोन आकडे कानावर येतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. होंडा आणि हीरोच्या पुस्तिकांत लीव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलीमीटर असं असतं. काही गाड्यांना 2 ते 3 मिलीमीटर सांगतात, ते माप लीव्हरच्या मुळाशी, लीव्हर आणि ब्रॅकेटमधल्या फटीचं. मुळाशी जे दोन-तीन मिलीमीटर, तेच टोकाशी दहा-पंधरा होतात. घोळ तेव्हा होतो, जेव्हा कोणी टोकाशी पट्टी लावून 2 मिलीमीटर ठेवतो. मग व्हायचं तेच होतं, घाटात आरपीएम वर आणि गाडी खाली.

हा प्ले लागतोच कशाला? क्लचच्या स्प्रिंगा प्लेटांना एकमेकींवर दाबून धरतात. लीव्हर ओढला की केबल तो दाब सोडवते. लीव्हर सोडलेला असतानाही केबल थोडी ताणलेली राहिली तर स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटांवर येत नाही, त्या घसरतात, तापतात, जळका वास येतो आणि मग खरोखरच बदलाव्या लागतात. उलट प्ले फार ठेवला तर लीव्हरची अर्धी ओढ रिकामीच जाते, प्लेटा पुरत्या सुटत नाहीत, गिअर खटखटतात.

यातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. केबल वापराने ताणली जाते तसा प्ले वाढतो. प्लेटा झिजतात तसा तो कमी होत जातो. म्हणजे लीव्हरला कोणी हात लावलेला नसताना प्ले आपोआप घटत चालला असेल तर प्लेटांवर संशय घ्यावा. वाढत असेल तर केबल बघावी. मेकॅनिककडे जाऊन नुसतं "क्लच सेट करून दे" म्हणण्यापेक्षा प्ले कुठल्या दिशेला सरकलाय हे सांगितलं तर त्याचंही डोकं वाचतं. माझा प्ले मुळात वाढलेला होता. तेव्हा प्लेटांना दोष द्यायचं कारणच नव्हतं.

वरचा अॅडजस्टर पूर्ण आत घालून एक फेरा बाहेर काढला, म्हणजे पुढे रस्त्यात दोन्हीकडे फिरवायला जागा राहते. खरं सेटिंग खालचं. उजव्या बाजूला इंजिनावर केबल जिथे ब्रॅकेटमधून जाते तिथे दोन नट असतात. एक पाना धरायला, एक फिरवायला. तिथली जागा अडचणीची आणि बोटांची सालटी काढणारी आहे. थोडं फिरवायचं, वर जाऊन लीव्हर दोन-चारदा दाबून सोडायचा, पट्टी लावायची. दाबून सोडल्याशिवाय मोजलं तर केबल बसलेली नसते आणि माप खोटं येतं. टोकाशी 15 च्या आसपास आलं, नट आवळले. आवळताना अॅडजस्टर सोबत फिरतो, त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा मोजावं लागलं.

मग हँडल पुरतं डावीकडे वळवलं आणि प्ले गायब. उजवीकडे वळवलं की परत हजर. असं व्हायला नको. शोधल्यावर दिसलं की मोबाइल होल्डरच्या चार्जिंगची वायर प्लास्टिकच्या टायने क्लच केबललाच करकचून बांधली होती, त्यामुळे वळताना केबल ओढली जायची. टाय कापला, दोन्ही बाजूंना सारखा प्ले मिळाला.

एवढं करून थांबलो असतो, पण लीव्हर अजून जड वाटत होता. वरच्या निपलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाला लीव्हरमध्ये अडकणाऱ्या गोळीपाशी, टॉर्च मारला तर तारेचे दोन-तीन धागे तुटून उभे राहिलेले. प्ले का वाढत होता याचं उत्तर तिथेच होतं. अशी केबल ऑइल पाजून सुधारत नाही, ती कुठल्या तरी भर चौकात तुटते.

दुकानात "ओरिजिनल देऊ का लोकल?" विचारलं गेलं. फरक शंभरच्या आतला होता, ओरिजिनल घेतली. जुनी काढण्याआधी ती कुठून कशी गेलीय याचे मोबाइलवर फोटो काढले, हे फार कामाला आलं. टाकीखालून तिचा मार्ग जरा तिरपा आहे. लीव्हर काढलाच होता म्हणून त्याचा बोल्ट पुसून ग्रीस लावलं. लीव्हर हलका व्हायला नव्या केबलइतकाच हातभार या ग्रीसने लावला असं माझं मत आहे, आणि ते काम फुकटात होतं. शेवटी अॅडजस्टर आणि चेकनटच्या खाचा एका रेषेत राहणार नाहीत असं बघितलं. त्या जुळून समोर आल्या तर केबल निसटू शकते आणि पावसाचं पाणी थेट आत जातं.

तपासणी मोकळ्या रस्त्यावर केली. वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाला अॅक्सिलरेटर एकदम पिळला, आरपीएम आणि वेग सोबत चढले. इंजिन चालू ठेवून क्लच दाबून पहिला टाकला, गाडी सरकली नाही. न्यूट्रल पहिल्या झटक्यात.

एक कुरबूर भावाकडून आली. त्याची बोटं आखूड, त्याला क्लच मुठीजवळच पकडायला हवा असतो, म्हणजे प्ले जास्त हवा. त्याला 20 पर्यंत सूट दिली. त्यापुढे नाही, कारण त्यापुढे गिअरबॉक्स ओरडते.

नवी केबल सुरुवातीला बसते, तसा प्ले थोड्याच दिवसांत वाढला. या वेळी पानेही लागले नाहीत, वरची रिंग सैल करून अॅडजस्टर अर्धा फेरा बाहेर काढला आणि रिंग परत आवळली. पुढच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर लिहून घेतलं: क्लच केबलला हात लावू नये.