उसन्या क्रियापदांची वही: 'शाम्पू'चं पान

या महिन्यात वहीत एकच पान भरलं, पण मनासारखं भरलं. शब्द 'शाम्पू'. नाम नव्हे, क्रियापद.

या पानावर पूर्वी 'केस धुणे' एवढंच लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. इंग्रजीत हे क्रियापद १७६२ पासून सापडतं आणि तेव्हा त्याचा अर्थ होता अंग चेपणे, रगडणे. केसांशी त्याची गाठ पडली ती १८६० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. मूळ हिंदी 'चाँपना', दाबणे. आपण साडी चापूनचोपून नेसतो त्यातलं 'चापणे' आठवा. "जरा पाय चेपून दे गं," हे आजीचं वाक्यही त्याच पंगतीतलं.

पण खरी गंमत रूपात आहे. इंग्रजीने उचललं ते 'चाँपो', म्हणजे चक्क आज्ञार्थ! यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात, साहेबांच्या इंग्रजीत असंच शिरलेल्या 'पकडाओ'ची नोंद काढून बघा. तिथे 'बनाओ', 'लगाओ', 'घबराओ' अशी भावंडंच भेटतात. सगळे आज्ञार्थ, आणि सगळ्यांना मूळ धातू समजून वापरलेलं. साहेबाच्या तोंडी हिंदुस्तानी क्रियापद यायचं ते नोकराला हुकूम सोडताना. मग तेच रूप रुजणार. ही नोंद वाचल्यावर मी त्या रात्री दुसरं काही वाचलंच नाही. बाकीची भावंडं छावण्यांबरोबर विरली, 'शाम्पू' तेवढा घरोघर पोचला.

तो पोचवण्यात मोठा वाटा शेख दीन महोमेद यांचा. जन्म १७५९, पाटण्याचा. इंग्लंडात ब्रायटनला त्यांचं स्नानगृह होतं. औषधी वनस्पतींच्या वाफेत माणसाला घाम येऊ द्यायचा, भोवती फ्लॅनेलचा तंबू, त्या तंबूला बाह्या शिवलेल्या. चेपणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घालायचा आणि अंग रगडायचा. राजा चौथ्या जॉर्जचे आणि नंतर राजा चौथ्या विल्यमचे ते 'शाम्पूइंग सर्जन' होते. ही पदवी आजच्या अर्थाने वाचली की काहीच उमगत नाही. 'चेपणे' धरून वाचली की लगेच उमगते.

वापराबद्दल दोन ओळी. आज इंग्रजीत हे सकर्मक क्रियापद केसांना लागतं तसं गालिच्यालाही लागतं. मला गालिच्याचा वापर जास्त आवडतो, कारण तिथे जुनं रगडणं अजून शिल्लक आहे. मराठीत मात्र 'शाम्पू' परत आला तो बाटलीत बसून, नाम होऊन. क्रिया सांगायची तर आपल्याला 'शाम्पू केला', 'शाम्पू लावला' असं वेगळं क्रियापद जोडावं लागतं. चेपणारा शब्द इथूनच गेला होता, हे पानाच्या समासात लाल शाईने लिहिलंय.

पुढचं पान 'पकडाओ'चं. शीर्षक घालून ठेवलंय.