घोट्याची प्रश्नावली अरबी खेळाडूंपर्यंत नेताना

घोटा मुरगळला, सूज उतरली आणि खेळाडू पुन्हा मैदानात उतरला, की घरचे आणि प्रशिक्षक दोघेही प्रकरण मिटले असे धरून चालतात. प्रत्यक्षात घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारा बंध, विशेषतः अँटिरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट, एकदा ताणले किंवा फाटले, की पुष्कळ जणांचा घोटा पुढे वारंवार दगा देऊ लागतो. काही अभ्यासांत हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. साध्या एक्स-रेमध्ये हे दिसत नाही आणि हाताने तपासूनही नेहमी सापडत नाही, कारण सांध्यातला सैलपणा आणि ‘पाय आता जाईल’ ही भावना दर वेळी बरोबरच असतात असे नाही. म्हणून खेळाडूलाच विचारावे लागते, आणि ते विचारण्याची रीत ठरलेली असावी लागते.

त्यासाठी मी खारघरच्या क्लिनिकमध्ये कंबरलँड अँकल इन्स्टॅबिलिटी टूल ही प्रश्नावली वापरते. ऑस्ट्रेलियातील क्लेअर हिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात नऊ प्रश्न आहेत, प्रत्येक घोट्याला ० ते ३० असे स्वतंत्र गुण मिळतात आणि गुण जितके कमी, तितका घोटा अस्थिर समजला जातो. जिना उतरताना, एका पायावर उभे राहताना, झटकन वळताना, खडबडीत जमिनीवर धावताना काय वाटते, अशी तिची विचारपूस आहे. डावा आणि उजवा घोटा शेजारशेजारच्या रकान्यांत नोंदवायचा असतो.

नवी मुंबईत शिकायला आलेले येमेन आणि इराककडचे काही तरुण संध्याकाळी फुटबॉल खेळतात आणि त्यांच्यापैकी कोणी दुखापत घेऊन आले, की सोबतचा मित्र दुभाषा होतो. असाच एक मित्र मी पाहिला. घोटा मुरगळू लागला की तो सावरता येतो का, या प्रश्नाला लगेच, बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही आणि कधी मुरगळलाच नाही, असे पाच पर्याय आहेत. मी ते सावकाश वाचून दाखवले. मित्राने अरबीत तीन-चार शब्दांत काहीतरी विचारले, खेळाडूने मान हलवली आणि मला उत्तर मिळाले, ‘होय, सावरतो.’ पाचांपैकी कोणता पर्याय, हे त्या ‘होय’वरून ठरवणे अशक्य होते. त्या मित्राचा हेतू चांगलाच होता, पण तयार झालेला आकडा प्रश्नावलीचा नव्हता. सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरचे अंश आपण अंदाजाने बदलत नाही. प्रश्नावलीलाही तोच मान मिळायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून प्रश्नावलीचे खेळाडूच्या भाषेत रीतसर रूपांतर करावे लागते. त्याची जी पद्धत जगभर मानली जाते, ती बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली. दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे काम करतात, त्यांपैकी एकाला विषयाची माहिती असते आणि दुसऱ्याला मुद्दाम नसते. दोन्ही मसुद्यांचा एक केला जातो. मूळ प्रश्नावली न पाहिलेली माणसे त्याचे उलट, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत, भाषांतर करतात. मग तज्ज्ञ समिती बसते आणि शेवटी ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी होते. वेळखाऊ आहे खरे, पण यातली कोणतीही पायरी गाळली तर चूक नेमकी तिथेच दडते.

अरबीत पहिला पेच कोणती अरबी वापरायची, हा असतो. अरब लीगमध्ये २२ सदस्य देश आहेत आणि मोरोक्कोची बोली आखाती माणसाला सहजी उमगत नाही. त्यामुळे सगळ्यांना वाचता येईल अशी प्रमाण अरबी निवडणे स्वाभाविकच आहे. मात्र प्रमाण अरबी शाळेत, वर्तमानपत्रात आणि बातम्यांत भेटते. पाय लचकल्यावर मैदानात ती कोणी बोलत नाही. म्हणून वाक्ये लहान ठेवावी लागतात आणि पूर्वचाचणीतले खेळाडू एकाच देशातले न घेता वेगवेगळ्या देशांतले आणि वेगवेगळ्या शिक्षणाचे घ्यावे लागतात.

मांडणीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. अरबी उजवीकडून डावीकडे वाचली जाते, त्यामुळे संपूर्ण तक्ता आरशातल्यासारखा फिरतो. अशा वेळी डाव्या-उजव्या घोट्याचे रकाने फिरवायचे की नाहीत, याचा निर्णय समितीने आधीच घेऊन छापील नमुना खेळाडूंना दाखवला पाहिजे. अन्यथा दुखऱ्या पायाचे गुण धडधाकट पायाच्या नावावर जातील आणि बेरजेत ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

त्यानंतर येतो रोजच्या जगण्याचा भाग. फूट अँड अँकल अॅबिलिटी मेजर या दुसऱ्या प्रसिद्ध प्रश्नावलीत, जी २००५ मध्ये आली, चढावर चालण्याबद्दल विचारले आहे. सपाट कतारमध्ये वाढलेल्या खेळाडूला त्याचे उत्तर आठवून द्यावे लागेल, तर येमेनची राजधानी असलेल्या, डोंगरात वसलेल्या सनामधल्या खेळाडूच्या पायांनाच ते ठाऊक असेल. उलट नमाजातली बैठक, जिच्यात एक पाऊल अंगाखाली दुमडलेले आणि दुसरे बोटांवर उभे ठेवलेले असते, घोट्याची चांगलीच कसोटी पाहते आणि रोज अनेकदा पाहते. तिच्याबद्दल मूळ कंबरलँड प्रश्नावलीत अवाक्षर नाही. असा प्रश्न सरळ घालून टाकावा असा मोह होतो. पण नऊचे दहा प्रश्न झाले की ३० गुणांची मोजपट्टी मोडते आणि इतर देशांतल्या निष्कर्षांशी तुलना करता येत नाही. माझ्या मते ती माहिती वेगळ्या तपासणीत विचारावी आणि मूळ नऊ प्रश्नांना धक्का लावू नये.

रमजानचेही भान ठेवावे लागते. विश्वासार्हता तपासण्यासाठी तोच खेळाडू काही दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरतो आणि मधल्या काळात घोट्याची स्थिती बदललेली नसावी, अशी अट असते. रमजानमध्ये अनेक संघांचा सराव सूर्यास्तानंतर जातो, झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा बदलतात. पहिली नोंद रमजानच्या आधी आणि दुसरी रमजान सुरू झाल्यावर घेतली, तर गुणांतला फरक प्रश्नावलीमुळे पडला की दिनक्रमामुळे, हे सांगता येणार नाही.

हे सारे खेळाडूंवरच का तपासायचे, असे मला सहकारी विचारतात. सर्वसाधारण रुग्णांसाठी बेतलेले चालण्या-फिरण्याचे प्रश्न खेळाडूला इतके सोपे जातात, की अस्थिर घोट्याचा खेळाडूही पूर्ण गुण मिळवतो. १५ टक्क्यांहून अधिक लोक कमाल गुणांवर पोहोचले तर मोजपट्टी वरच्या टोकाला आंधळी झाली, असे मानण्याचा संकेत आहे. प्रश्नांमधल्या अंतर्गत सुसंगतीचा आकडा, क्रोनबॅक अल्फा, ०.७० ते ०.९५ या पट्ट्यात असणे चांगले, ०.९५ च्या वर गेला तर प्रश्न एकमेकांचीच पुनरुक्ती करत असल्याची शंका येते. आणि ‘अस्थिर’ कोणाला म्हणायचे ती रेषाही भाषेबरोबर आपोआप येत नाही. मूळ अभ्यासात ती २७ गुणांवर होती, २०१४ च्या फेरतपासणीत २५ वर आली आणि आंतरराष्ट्रीय घोटा तज्ज्ञांच्या गटाने संशोधनासाठी २४ सुचवली. इंग्रजीतच रेषा एवढी सरकली असेल, तर अरबी खेळाडूंसाठी ती त्यांच्याच उत्तरांवरून नव्याने ठरवली पाहिजे.

ठाणे आणि नवी मुंबईतले आम्ही काही फिजिओथेरपिस्ट मराठी खेळाडूंसाठी अशाच रूपांतराची तयारी करत आहोत आणि अरबीतले हे पेच समोर ठेवूनच बोलणी चालतात. खो-खोत पाठलाग करणारा संघ चौकोनांत उकिडवा बसतो. ‘खो’ मिळाल्याबरोबर उठून धावायचे आणि खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला शिरायचे, म्हणजे उठणे, धावणे आणि वळणे काही क्षणांत होते. कबड्डीतला चढाईपटू घोटा पकडला गेल्यावर तो फिरवून सोडवून घेतो. झटकन वळण्याचा प्रश्न या दोघांनाही लागू पडतो, पण दोघांच्या मनात येणारी हालचाल वेगळी असते. म्हणून पूर्वचाचणीत खो-खो, कबड्डी आणि येऊरच्या चढावर सराव करणारे धावपटू असे तिन्ही गट घ्यायचे, प्रत्येक प्रश्नानंतर ‘तुम्हाला यातून काय समजले, ते करून दाखवा’ असे सांगायचे आणि त्यांनी करून दाखवलेली हालचाल उत्तराशेजारी लिहून ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे.