घरोटाची चाल

हिवाळ्यात आमच्या जळगावकडे भरीत पार्टी म्हटली की शेतात कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतंच, आणि डीजेवाली अहिराणी गाणी दणकून वाजली की मग कुणाला तरी बहिणाबाई आठवते. परवा 'अरे संसार संसार' लागलं, १९६१ च्या 'मानिनी'तलं, वसंत पवारांची चाल आणि सुमन कल्याणपूरांचा आवाज. वांगी भाजणारेही गप्प. आजी तेवढी म्हणाली, "गानं चांगलं हे रे, पन इतकं हयूहयू दयलं (हळूहळू दळलं) त भाकरी कवा होतीन?"

सगळे हसले पण मला ते पटलं. बहिणाबाईला, असोद्याच्या या लेकीला, लिहिता येत नव्हतं, काम करता करता ती म्हणायची आणि मुलगा सोपानदेव वगैरे घरचे टिपून घ्यायचे, मग चाल आधीपासून होतीच की, हाताच्या फेऱ्याची! घरोट, म्हणजे जातं, फिरतोय तोवर ओळ पळते, दाण्यांची मूठ टाकायला हात वळला की जरा दम घेते. स्टुडिओत तो फेरा सुटतो. बदल्यात शब्दावर रेंगाळायला जागा मिळते, आणि सुमनताई ती काय वापरतात!

तिकडे ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने १८१४ मध्ये, सतराव्या वर्षी, जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' नाटकातल्या ग्रेटचेनचं सूत कातताना म्हणायचं गाणं केलं. त्यात पियानोच चरखा झालाय, सारखा गरगर फिरतोय, ती बिचारी प्रियकराच्या आठवणीत, आणि चुंबनाशी आली की चरखा खटकन बंद. मग अडखळत, पुन्हा अडखळत, सुरू. कामाचा फेरा पण राहिला आणि बाईच्या मनात काय झालं तेही कळलं. गंमत म्हणजे गटेला स्वतःला असलं फार काही नको असायचं, प्रत्येक कडव्याला तीच साधी चाल बरी, संगीताने कवितेच्या पुढे पळू नये असं त्याचं मत. म्हणजे आजी आणि गटे एकाच पार्टीचे.

बाकी धरणगावच्या बालकवींचं 'श्रावणमासी' आपण शाळेत ज्या चालीत म्हटलं तीच कायमची बसते, तिथे कुठल्याच संगीतकाराचं काही चालत नाही.

पण बहिणाबाईला अजून कुणीतरी चाल लावावी असं वाटतं. तबला नको, ऑर्गन नको, नुसता घरोट, आणि 'आधी हाताला चटके' आलं की 'चटके'वर तो थांबवायचा. आमच्या मागच्या खोलीत आहे एक, खुंटा तेवढा नवा ठोकावा लागेल.