बासष्ट हजारांची सायकल

"पैसेच द्यायचेत ना, मग सायकल कशाला दामटायची?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर पावतीपुस्तकं मोजत बसले होते. मला उत्तर सुचलं नाही. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून निघून कोकण किनाऱ्याने सायकलवर गोव्यापर्यंत, सात दिवस, आम्ही चौदा जण. जमतील ते पैसे मंगळवेढा तालुक्यातल्या मुलींच्या सायकलींसाठी. सातवीपर्यंतची शाळा गावात, आठवीची चार-पाच किलोमीटर लांब, आणि एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळायची नाही. तिथे मुलींचं शिक्षण थांबतं. एक सायकल ५,६०० रुपयांना पडणार होती, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि कुलूप धरून. साठ घ्यायच्या ठरल्या.

"आणि तुझी केवढ्याला?"

"वीस हजार," मी म्हटलं. ती बासष्ट हजारांची होती. नवऱ्याने पेपरातून डोकंसुद्धा वर केलं नाही, एवढे त्याचे उपकार.

मी नोकरीत अकाउंट्स बघते, त्यामुळे हिशेबाचं काम न विचारता माझ्या गळ्यात पडलं. दोन गोष्टी मात्र मी पहिल्याच बैठकीत हट्टाने ठरवून घेतल्या. देणग्या थेट सायकली देणाऱ्या मंगळवेढ्याकडच्या संस्थेच्या खात्यात जातील, आमच्यापैकी कुणाच्या नाही. आणि राहणं, जेवण, बोट, मागून येणारा टेम्पो हा सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा. माणशी अकरा हजार. यावर एकाने तोंड वाकडं केलं, "आम्ही घाम गाळायचा आणि वर पैसेही?" हो, वर पैसेही. लोकांनी मुलीच्या सायकलीसाठी दिलेल्या पैशातून आपण सुरमई खायची नाही.

मागायला सुरुवात केल्यावर कळलं, अवघड प्रकरण हे आहे. गणपतीची वर्गणी मीही मागितली आहे. तिथे दहा जण बरोबर असतात, पावतीवर आकडा आधीच लिहिलेला असतो आणि समोरच्याला माहीत असतं की द्यावी लागणारच. एकटीने फोन करून मागणं निराळं. "बोल गं" म्हणणारा ओळखीचा आवाज, पैशाचा विषय निघाला की एकदम कोरडा होतो. मग मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला आणि व्हॉट्सॲपवर सगळ्या ग्रुपांना एक लांबलचक निरोप टाकला. त्रेचाळीस अंगठे आणि जोडलेले हात आले. देणग्या आल्या दोन, त्यातली एक नवऱ्याची.

शेवटी एकेकाला फोनच केले. आकडा आपणच सांगायचा, हे मला तिसऱ्या दिवशी उमगलं. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की माणूस अडचणीत येतो. पाचशे कमी दिसतील का, पाच हजार जास्त होतील का. "एक सायकल ५,६००, अर्धी २,८००" म्हटलं की तो लगेच हो तरी म्हणतो नाहीतर नाही. अर्धी सायकल घेणारे सर्वांत जास्त निघाले. एका मावशीने मार्ग, दिवस काही न विचारता दोन सायकलींचे पैसे पाठवले आणि वर बजावलं, "पावती नको, पण तू हेल्मेट घाल."

पावती तर द्यावीच लागते. तेव्हा देणगीवर आयकराच्या कलम ८०-जीची सवलत हवी तर पॅन नंबर लागायचा, आणि रोख दोन हजारांच्या वर असेल तर सवलतच नव्हती. पॅन विचारला की लोकांना वाटतं आपण त्यांचं उत्पन्न काढतोय. आणि एवढं करून अर्ध्या जणांनी नवीन करप्रणाली घेतलेली, तिथे ८०-जी चालतच नव्हतं! हे समजावून सांगताना माझा जितका घाम निघाला तितका पुढे एकाही चढावर निघाला नाही. एका चुलतभावाने अट घातली: किलोमीटरला दहा रुपये, पण स्ट्राव्हा या सायकलफेरी नोंदवणाऱ्या ॲपवर दाखवायचं. दाखवलं. पैसे मिळायला एप्रिल उजाडला.

सरावाबद्दल फार लिहीत नाही. चिंचवडहून दर रविवारी लोणावळा आणि परत, पुढे सलग दोन दिवस, मग तीन. आमच्यात सर्वांत लहान मुलगा एकोणीस वर्षांचा आणि सर्वांत मोठे काका सहासष्टचे. काका नेहमी सर्वांत मागे राहायचे, कुणी मागे पडू नये म्हणून. १९८५ साली बाबा आमटे तरुण मुलांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, भारत जोडोची ती सायकलयात्रा; काकांना तीत जायचं होतं, पण नोकरी नवी होती आणि रजा मिळाली नाही. "अडतीस वर्षांनी रजा मंजूर झाली," असं ते दर चहाला सांगायचे.

जानेवारी २०२४ मध्ये निघालो. सायकली टेम्पोत घालून पहाटे भाऊच्या धक्क्यावर, तिथून वाहनं नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशिद करत मुरूड. पहिला दिवस सरळ गेला आणि म्हणूनच संध्याकाळी घोळ झाला. खोल्या चारच निघाल्या, दुसऱ्या घरगुती निवासात ठरवलेल्या बाकीच्या खोल्यांचा पत्ताच लागेना. फोन लावला तर तिकडचे आजोबा म्हणाले, "मी दारातच उभा आहे, तुम्ही कुठे आहात?" आम्ही जंजिऱ्याच्या मुरूडला होतो, ते दापोलीच्या. मध्ये दोन खाड्या आणि आमचा दोन दिवसांचा रस्ता. बुकिंग मी केलं होतं. त्या रात्री सहा जण हॉलमध्ये सतरंजीवर झोपले आणि त्यांतली एक मी होते, स्वखुशीने.

नकाशावर हा रस्ता समुद्राला चिकटून सपाट दिसतो. ते खोटं आहे. खाडी आली की उतरत उतरत पाण्याला टेकायचं, फेरीबोटीत चढायचं, आणि पलीकडे उतरलं की समोर भिंतीसारखा चढ. वर जांभ्याच्या कातळाचा उघडा सडा, सावलीला झाड नाही. तो संपेपर्यंत पुढची खाडी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बोटीतली दहा-पंधरा मिनिटं म्हणजे आमची विश्रांती. डिझेलचा वास, सुक्या मासळीच्या टोपल्या, आणि टोपलीवाल्या बायकांचा एकच प्रश्न: "गाडी परवडत नाय काय?"

तिसऱ्या दिवशी दापोलीच्या मुरूडला पोचलो. आजोबा दारातच होते. "परवा चौदा माणसांचा भात लावला होता," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी माफी मागितली, त्या भाताचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. जेवताना मुलींच्या सायकलींचा विषय निघाला तेव्हा ते जरा सैल झाले. हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. परीक्षेला बसायचं म्हणून कर्वे इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने फार लहान दिसतात म्हणून तिथून परत पाठवले गेले, ही गोष्ट आजोबांनी काल घडल्यासारखी सांगितली. पुढे १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुण्याजवळच्या हिंगण्याला नेला. पुण्यात शिकवायचं आणि हिंगण्याला चालत जायचं, आणि आयुष्यभर लोकांकडे पैसे मागायचे. "मागायची लाज वाटली असती तर आश्रम झाला असता का?" आजोबा म्हणाले. मला त्रेचाळीस अंगठे आठवले. बोलले नाही.

चौथ्या दिवशी गुहागरच्या पुढे, हेदवीकडे जाताना, एका चढावर शाळेतून परतणाऱ्या तीन मुली दिसल्या. तिघींच्याही हातात सायकली, तिघीही ढकलत होत्या. मीही उतरून ढकलतच होते, त्यामुळे गप्पा झाल्या. "जाताना उतार, बसून जातो. येताना हे असं." एकीचं मागचं चाक सपाट होतं. कधीपासून? "दिवाळीपासून." पंक्चरवाला बाजारात, बाजार लांब, आणि घरी सवड कुणाला? आमच्याकडच्या सुट्या ट्यूब तिच्या चाकाला बसेनात. टायरची रुंदीच वेगळी. काकांनी तिचीच ट्यूब काढली, पॅच मारला, हवा भरली. वीस मिनिटांचं काम. दिवाळीपासून संक्रांत होऊन गेली होती.

त्यानंतर जयगड, गणपतीपुळे, आरे-वारेचा तो देखणा आणि निर्दय चढ, हे सगळं पाहिलं, पण डोक्यात तेच चाक फिरत होतं. आपण साठ सायकली देणार. दिवाळीला त्यांतल्या किती चालू असतील? रत्नागिरीच्या मुक्कामी मी संस्थेच्या ताईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे तर बाभळीचे काटे आहेत." म्हणजे त्यांना हे ठाऊक होतं, देणगीदारांना पंक्चरच्या सामानासाठी पैसे मागणं जड जातं, एवढंच. सायकलीसोबत फोटो निघतो, पंपासोबत कोण काढणार?

पुढचे दिवस भराभर गेले. देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले. बसायची जागा इतकी सोलवटली होती की मालवणात मी उभ्याने जेवले. शेवटच्या दिवशी तेरेखोलला गंमत झाली: गोवा खाडीच्या अलीकडेच सुरू होतो, हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे जल्लोष करायच्या आधीच आम्ही गोव्यात होतो. पलीकडे केरीला उतरून काकांनी सायकल वाळूत आडवी केली आणि शेजारी स्वतः आडवे झाले.

हिशेब असा. जमले ३,७१,४५०. आमचा चौदा जणांचा खर्च १,५४,०००. घरी बसून तेवढेच दिले असते तर सत्तावीस सायकली आल्या असत्या. सासूबाईंचा मुद्दा इतका खरा होता आणि मी तो आकडा त्यांना कागदावर दाखवला. त्या म्हणाल्या, "पण बसला असतात तर दिले असतेत का?" आपल्याच प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं. सहासष्ट सायकली येत होत्या. आम्ही अठ्ठावन्न घेतल्या. उरलेल्या ४६,६५० रुपयांत पंप, पॅच, सोल्युशन, पाने, सुट्या ट्यूब आणि सायकली गावोगाव पोचवणाऱ्या टेम्पोचं भाडं. दोन देणगीदार यावर रुसले, त्यांना "पूर्ण सायकल" हवी होती. त्यांची समजूत काढली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर काका आणि मी मंगळवेढ्याकडे गेलो. भाषणं झाली, हार झाले, मग आम्ही घमेलंभर पाणी घेऊन वऱ्हांड्यात बसलो. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, जागा पुसून घासायची, सोल्युशन लावून वाळू द्यायचं. घाई केली की पॅच निघतो. मुलींना दोनदा दाखवावं लागलं नाही. मी माझी सायकल बरोबर नेली होती, तिचंही चाक बाभळीने धरलंच. आठवीतली एक मुलगी ते उघडून बसली.

"बाई, ही केवढ्याची?"

"बासष्ट हजारांची," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही मी पस्तीस सांगितले होते.

तिने ट्यूब पिळली. बुडबुड्यांची एक रांग वर आली.

"आन् तरी पंचर होती?"

"होते की."

"मग?" ती म्हणाली, आणि बोट भोकावर ठेवून पॅच मागायला हात पुढे केला.