चेल्म्सफर्डचा डायोरामा, टप्पा ३: काळपट निळा कोट आणि जानेवारीतलं गवत

डायोरामा म्हणजे छोट्या मूर्तींनी उभं केलेलं दृश्य. प्रसंग दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश-झुलू युद्धातला, २२ जानेवारी १८७९, सकाळी साडेनऊनंतरचा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेल्म्सफर्ड पहाटेच निम्मं सैन्य घेऊन इसांडल्वानाच्या तळावरून निघालेला. मांगेनीच्या बाजूला त्याच्या हातात तळावर मागे ठेवलेला अधिकारी पुलीन याची चिठ्ठी पडते: झुलू तळाच्या दिशेने मोठ्या संख्येने येताहेत. तो नौदलातला आपला एडीसी (खास मदतनीस अधिकारी) मिल्न याला दुर्बीण घेऊन वर पाठवतो. मिल्नला बैल तंबूंजवळ आणलेले दिसतात, बाकी विशेष काही नाही. तंबू उभेच होते. लढाईला उभं राहताना तंबू पाडायचा शिरस्ता होता, म्हणून उभे तंबू पाहून कोणालाच शंका आली नाही. दुपारी तळावर सुमारे १,३०० माणसं मारली गेली. पण सकाळी याची कोणाला कल्पना नव्हती, त्यामुळे ५१ वर्षांच्या चेल्म्सफर्डच्या चेहऱ्यावर घबराट रंगवायची नाही. भुवया सरळ, ओठ मिटलेले, दाढी गडद. या दृश्याचा जीव त्या निवांतपणात आहे.

या टप्प्यात सर्वांत जास्त वेळ कोटाने खाल्ला. पॅट्रोल जॅकेट (अधिकाऱ्यांचा मोहिमेतला कोट) गडद निळं, त्यावर शिवलेली वेणीसारखी गोफाची पट्टी काळी. २८ मिमी मापाच्या मूर्तीत हातभर अंतरावरून दोन्ही एक होऊन जातात. उपाय असा: प्रशियन ब्लू दोन थेंब, काळा एक थेंब, हा पहिला थर. कडांवर नुसता प्रशियन ब्लू, त्यात राखाडीचा जेमतेम स्पर्श. वेणी शुद्ध काळ्याने ओढायची आणि तिच्या फक्त वरच्या काठावर मध्यम राखाडीची केसाएवढी रेघ. निळ्यात पांढरा मिसळून हायलाइट काढू नका, कोट शाळेच्या गणवेशासारखा दिसायला लागतो.

हेल्मेट पांढरं, पण मोहिमेत ते चहाच्या पाण्याने मळकट करत. ऑफ-व्हाइटवर बफ (फिकट पिवळसर तपकिरी) रंग, एकास चार मॅट मीडियम (रंग पातळ करायचं चमक नसलेलं माध्यम). पाण्याने पातळ केला तर शिवणींच्या कडेला रंग साचून वाळतो आणि पिवळट वर्तुळं उमटतात.

प्रचलित वर्णनांत मिल्न झाडावर चढतो, तेच धरलं आहे. खरं झाड सहा मीटर मानलं तर या मापात ते अकरा सेंटिमीटर. तांब्याच्या तारेचे ३० पदर पिळून खोड केलं, वर चार फांद्या फोडल्या. पीळ दिसत राहिला तर खोड दोरखंडासारखं दिसतं, म्हणून फेव्हिकॉल आणि बारीक खडूपूड यांचे दोन हात. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिला की तडे जातात. बाभळीची पालवी वर सपाट, छत्रीसारखी पसरवायची.

गवताबद्दल मात्र आग्रह आहे. झुलूलँडचं ठरावीक पिवळं गवत इथे चुकीचं. जानेवारी तिकडे ऐन पावसाळा. चार मिमीचं हिरवं स्टॅटिक गवत (मॉडेलसाठीचं तंतूंचं नकली गवत) तीन भाग, वाळक्या रंगाचं एक भाग. माती तांबूस.

उजेडही तपासून घ्या. तळ मांगेनीच्या वायव्येला, म्हणजे दुर्बीण वायव्येकडे. त्या वेळी सूर्य पूर्वेला, बराच वर चढलेला. मिल्नच्या बाबतीत उजेड उजव्या खांद्यामागून येतो. जमिनीवरची सावलीही त्याच उजेडाला धरून हवी, नाहीतर माणूस आणि जमीन वेगवेगळ्या दिवसांतली वाटतात.

मॅट व्हार्निश बाकी आहे. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला तर गडद निळ्यावर पांढरी धूळ धरते आणि वेणीचं सगळं काम बुडतं. कोटापुरतं व्हार्निश ब्रशने, दोन पातळ हात. मग दुर्बीण डकवायची.