शिवण फारच सरळ आली

"शिवण फारच सरळ आली आहे," असे म्हणत त्या वृद्ध कारागिरांनी माझा मित्र पुन्हा मूळ रूपात आणत असलेल्या १९६९ च्या डॉज चार्जर या अमेरिकी मोटारीचे नवे सीट कव्हर आज पुन्हा उलटून पाहिले, आणि त्यांच्या स्वरात कौतुक अजिबात नव्हते.

मागच्या सीटवरचे कव्हर अडकवणाऱ्या तारेच्या कड्या कापून जुने व्हिनाइल काढले, तेव्हा स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळट कागद सापडला होता. ती कारखान्याची बिल्ड शीट, म्हणजे ही गाडी कशी घडवायची याची यादी होती. इंजिनापासून आतल्या रंगापर्यंत सगळे सांकेतिक क्रमांकांत टंकलेले, आणि एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. त्या शीटप्रमाणे रंग जुळवता येतो. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांचे पोचे आतून हलके ठोकून, पॉलिश पेपरने घासून घालवता येतात. जस्ताच्या ओतीव भागांवरचे खड्डे मात्र तांब्याने भरून नव्याने क्रोम चढवल्याशिवाय जात नाहीत, आणि ते काम खिसा रिकामा करणारे आहे.

पण धावत्या असेंब्ली लाइनवर घाईत बसवलेल्या कव्हरची किंचित वाकडी शिवण कोणत्या क्रमांकात लिहिलेली असणार? मूळ स्वरूपाला महत्त्व देणाऱ्या स्पर्धांत कारखान्यापेक्षा सुबक काम केले तरी गुण कापले जातात, हे मला आजवर हास्यास्पद वाटत होते. आता तितकेसे वाटत नाही.

मित्राला मात्र सरळ शिवणच हवी आहे, कारण पैसे तो मोजतो आहे. तुम्ही कोणती ठेवली असती?