कडबाकुट्टीचं एक मॉडेल: पॅटर्नपासून शेवटच्या गिअरपर्यंतचा हिशेब

कडबाकुट्टी, म्हणजे चारा कापायचं मशीन, बनवणारे छोटे कारखानदार नफा मशीनमागे मोजतात. तो मॉडेलमागे मोजायला हवा, कारण पॅटर्न (ओतकामाचा नमुना), कोअर बॉक्स (ओतीव भागातली पोकळी राखणाऱ्या गाभ्याचा साचा), जिग (भाग नेमक्या जागी धरायची चौकट) आणि चाचणीचा खर्च पहिलं मशीन विकण्याआधीच झालेला असतो.

समजा २ एचपीचं मशीन डीलरला १८,००० रुपयांना (जीएसटी वेगळा) जातं. माल १२,६००, मजुरी आणि रंग १,५००, वाहतूक ४००, वॉरंटीसाठी २ टक्के म्हणजे ३६०. हाती राहतात ३,१४०. सुरुवातीचा खर्च साडेचार लाख असेल तर तो १४४ व्या मशीनला फिटतो. तांबं महागलं आणि मोटर ६०० रुपयांनी वाढली, की तोच आकडा १७८ वर जातो. म्हणून मोटरचा भाव बदलला की हा हिशेब त्याच दिवशी पुन्हा मांडायचा, वर्षअखेरीची वाट बघायची नाही.

वॉरंटीचे २ टक्के अनेक जण धरतच नाहीत. गावाकडे व्होल्टेज पडतं, मोटर लोड घेत नाही, कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळतं. मोटर कंपनी बदलून देईलही, पण मेकॅनिकची फेरी आणि भाडं तुमच्याच माथी बसतं. पहिल्या ५० मशीनच्या तक्रारी कुठल्या सुट्या भागाच्या आहेत त्यानुसार नोंदवा. त्यात गिअरचे दात तुटल्याच्या तक्रारी जास्त असतील तर कास्टिंगला (ओतीव भागाला) दोष देण्याआधी चारा आत ओढणाऱ्या रोलरचा दाब तपासा. उसाचं वाढं जाड पेंढीनं कोंबलं की रोलर वर उचलला गेला पाहिजे. स्प्रिंग फार ताठ असेल तर तो झटका थेट गिअरवर येतो.

मॉडेल चालायला लागलं की डीलर मागण्या करतात: ३ एचपी द्या, इंजिनवालं द्या, चाकं लावून द्या. द्या, पण पात्याच्या भोकांचं अंतर, बेअरिंगचा नंबर आणि बेल्टचा सेक्शन (आडव्या छेदाचं माप) सगळ्या मॉडेलांत एकच ठेवा. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो ड्रॉइंगवर होतो. पाती झिजतात, शेतकरी ती पुन्हा पुन्हा घेतो. भोकं वेगळी झाली की चार प्रकारची पाती गोदामात पडून राहतात आणि हंगामात नेमकी हवी ती संपलेली असतात.

पुढे शेजारचा कारखाना भाव पाडतो. तेव्हा पत्रा २ मिमीवरून १.६ वर आणायचा मोह होतो. पत्रा थरथरतो, बोल्ट सैल होतात, वाचलेले पैसे मेकॅनिकच्या फेऱ्यांत जातात. त्यापेक्षा बोल्टचे नऊ साइझ असतील तर चारवर आणा आणि कास्टिंगचं वजन फाउंड्रीच्या (ओतकाम कारखान्याच्या) बिलाशी ताडून बघा. कास्टिंग किलोवर विकत घेतलं जातं, त्यामुळे ड्रॉइंगपेक्षा वाढलेल्या जाडीचे पैसे तुम्हीच भरता. चारा घालायच्या तोंडाची लांबी मात्र एक इंचही कमी करायची नाही. शेतकऱ्याचा हात पात्यापासून लांब राहतो तो त्या लांबीमुळेच.

मॉडेल बंद करायची वेळ आली की डीलरला सहा महिने आधी कळवा, नवी पेंट केलेली मशीन साठवू नका, आणि सुट्या भागांची शेवटची बॅच काढा. सुटे गिअर तीन वर्षांत ६०, ४५, ३४ असे विकले गेले असतील तर मागणी दरवर्षी पाव हिश्शानं घटते आहे. त्याच दरानं पुढची पाच वर्षं साधारण २५, १९, १४, ११, ८ अशी जातील. म्हणजे ८० गिअर ओतून, मशिनिंग करून, ग्रीस लावून ठेवायचे. बेल्ट आणि कपॅसिटर साठवू नका. ते पडून खराब होतात, शिवाय बाजारात सहज मिळतात. लाकडी पॅटर्न ओलीत वाकतो, म्हणून तो वापरण्याजोगा असतानाच शेवटची बॅच ओतून घ्या.